दोनदा लागलेला शोध: उच्चदाब केबलचे शील्ड

उच्चदाबाची केबल शील्ड असलेली घ्यावी की नसलेली, हा प्रश्न आज बहुतेक ठिकाणी दरपत्रकावर सुटतो. अंतर थोडे आहे, दाब ३.३ किलोव्होल्ट आहे, केबल कोरड्या ट्रेमधून जाणार आहे, मग शील्डचा खर्च कशाला, असे एकजण विचारतो. दुसरा मानकाचा क्रमांक सांगतो आणि विषय संपतो. दोघांच्याही मनात निकष एकच असतो: अमुक इतके व्होल्ट झाले की शील्ड लागते, त्याखाली नसले तरी चालते. केबलचा इतिहास पाहिला की या निकषावरचा विश्वास डळमळतो. ज्या केबली फसल्या त्या केवळ दाब जास्त म्हणून फसल्या नाहीत. तारेभोवतीचे विद्युतक्षेत्र नेमके कुठे संपणार हे कोणी ठरवलेच नव्हते, म्हणून त्या फसल्या. शील्ड म्हणजे तो निर्णय, आणि हा निर्णय केबलच्या धंद्याने दोनदा घेतला. पहिल्यांदा तो जवळजवळ न कळत घेतला गेला, मग हातातून सुटला, आणि वीसपंचवीस वर्षांनी बरीच किंमत मोजून परत मिळवावा लागला.

शील्ड हा शब्द सरसकट वापरला जातो, म्हणून तो आधी स्पष्ट केलेला बरा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वाहक, त्याभोवती इन्सुलेशन, आणि त्या इन्सुलेशनच्या बाहेरच्या अंगाला घट्ट चिकटून बसलेला, अर्थला जोडलेला पातळ वाहक थर, तो शील्ड. आपल्या मानकांत त्याला स्क्रीन म्हणतात. यांत्रिक माराला तोंड देणारे पोलादी आर्मर वेगळे. बाहेरून दोन्ही धातूचेच दिसतात, म्हणून गल्लत होते. शील्ड असले की विद्युतक्षेत्र वाहकापासून सुरू होते आणि इन्सुलेशनच्या बाहेरच्या कडेला संपते, चहूबाजूंनी सारखे. ते नसले की क्षेत्र इन्सुलेशन ओलांडून पुढे जाते: शेजारच्या हवेत, भिंतीत, ओल्या मातीत, दुसऱ्या केबलच्या अंगात, क्वचित माणसाच्या हातात. पुढे जाऊन त्याचे काय होईल हे केबल बनवणाऱ्याच्या हाती उरत नाही.

ही गोष्ट सर्वांत आधी नीट पाहिली ती मायकेल फॅरडेने, आणि तेव्हा उच्चदाब वगैरे काहीच नव्हते. समुद्रातून तारायंत्राच्या केबली टाकायचा उद्योग १८५०च्या सुमारास सुरू झाला. तांब्याच्या तारेवर मलायातून येणाऱ्या गटापर्चाचे आवरण चढवत. गटापर्चाच्या कारखान्यात तारेची सुमारे १०० मैलांची वेटोळी कालव्याच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. तिला बॅटरी लावून काढली, तरी तार भारित राहिलेली आढळली. टोकाला हात लावणाऱ्याला झटका बसत होता. तशीच आवरणाची तार हवेत ठेवली की हा परिणाम जवळपास दिसत नव्हता. फॅरडेने १८५४मध्ये याचा उलगडा केला. पाण्यातली तार म्हणजे लांबच लांब लेडन जार आहे. आतला पत्रा तांब्याचा, काच गटापर्चाची, बाहेरचा पत्रा पाण्याचा. तार तीच, आवरण तेच, बॅटरी तीच. बदलले होते फक्त शेजारचे पदार्थ, आणि त्याने केबलचा सगळा स्वभाव बदलला. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने १८७०मध्ये मुंबईपासून एडनपर्यंत जी तार टाकली, तिच्याही भोवती खारे पाणी हेच बाहेरचे वाहक कवच होते. ते कोणी मुद्दाम बसवले नव्हते, पण तारेच्या प्रत्येक इंचावर सारखेच होते. तारायंत्राच्या अभियंत्यांना या पाण्याचा त्रास वाटे, कारण त्यामुळे संदेश रेंगाळत. विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने मात्र ती केबल अगदी नीटनेटकी होती, आणि तिकडे लक्ष देण्याचे कोणाला कारण नव्हते.

उच्चदाबाची पहिली मोठी केबल लंडनची. सेबास्टियन झियानी दि फेरांती हा लिव्हरपूलमध्ये जन्मलेला अभियंता पंचविशीही गाठलेला नव्हता, तेव्हा त्याने शहराबाहेर टेम्सकाठी डेप्टफर्ड येथे वीजकेंद्र बांधून तिथून १०,००० व्होल्टने वीज लंडनमध्ये आणायचे ठरवले. त्या काळी २,००० व्होल्ट म्हणजे धाडस समजले जाई. मिळणाऱ्या केबली या दाबाला भरवशाच्या नव्हत्या, म्हणून त्याने स्वतःचीच केबल रचली: तांब्याच्या एका नळीत दुसरी नळी, मध्ये खनिज मेणात भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, आणि सगळ्यावर लोखंडी नळीचे आवरण. तुकडे २० फुटांचे. एकंदर सुमारे २८ मैल केबल टाकली, म्हणजे सात हजारांवर जोड आले, आणि प्रत्येक जोड म्हणजे निमुळते केलेले टोक दुसऱ्याच्या कानसलेल्या खोबणीत दाबून बसवणे. आतली नळी दाबावर असे, बाहेरची परतीची. आणि ही बाहेरची नळी अर्थला जोडलेली होती. व्यवस्था सुरक्षित आहे हे अधिकाऱ्यांना पटवण्यासाठी चालू केबलमध्ये लोखंडी छिन्नी ठोकून दाखवण्यात आली. छिन्नी हातात धरून एक सहकारी उभा होता. बाहेरची नळी आधी फुटली, मग छिन्नी आतल्या नळीला टेकली, प्रवाह छिन्नीतून बाहेरच्या नळीकडे वळला, आणि धरणाऱ्याला काही झाले नाही. रस्ते सतत खोदत राहणाऱ्या शहरांना तेव्हाच पटायला हवा होता असा हा पुरावा होता. १८९१पासून ही केबल पूर्ण दाबावर चालू लागली आणि तिचे काही भाग १९३३पर्यंत कामात होते.

कागदाचे श्रेय फेरांतीला सगळेच देतात. तेलामेणात भिजवलेला कागद पुढची सत्तर-ऐंशी वर्षे उच्चदाब केबलचा मुख्य पदार्थ राहिला, त्यामुळे ते योग्यच आहे. पण ती केबल इतकी टिकली ती एकट्या कागदामुळे नव्हे असे मला वाटते. एका नळीत दुसरी नळी या रचनेत क्षेत्र सर्वत्र त्रिज्येच्या दिशेने जाते. कागदाला त्याच्या थरांच्या आरपारच ताण पडतो, आणि त्या दिशेने कागद सर्वांत बळकट असतो. बाहेरची नळी अर्थवर असल्याने त्यापलीकडे क्षेत्र जातच नाही. पूर्ण शील्ड केलेली केबल म्हणतात ती हीच. मात्र तिला तसे कोणी म्हणत नव्हते. बाहेरची नळी होती ती परतीचा प्रवाह नेण्यासाठी आणि सुरक्षिततेसाठी; क्षेत्राला दिलेली सीमा हा तिच्यासोबत फुकट आलेला फायदा होता. या फायद्याची किंमतही लगेच दिसली होती. अशा केबलमध्ये आतबाहेरच्या नळ्या मिळून मोठे धारित्र होते, आणि भार हलका असताना लंडनच्या टोकाला डेप्टफर्डपेक्षा जास्त दाब दिसू लागला. या प्रकाराला आजही फेरांती परिणाम म्हणतात. पण किंमत कशाची मोजतो आहोत हे ज्याला ठाऊक नसते, तो पहिल्या संधीला ती वस्तू टाकून देतो.

ती संधी आली तीन फेजच्या विजेने. १८९१मध्येच लाउफेनहून फ्रँकफर्टला तीन फेजची वीज नेऊन दाखवली गेली आणि काही वर्षांत जग त्या पद्धतीकडे वळले. समतोल भारात तिन्ही प्रवाहांची बेरीज शून्य होते, म्हणजे परतीच्या वाहकाची गरजच उरत नाही. परतीची नळी गेली आणि तिच्याबरोबर क्षेत्राची सीमाही गेली. तिच्या जागी आली बेल्टेड केबल. तीन वाहकांवर कागद गुंडाळून तीन कोअर करायच्या, तिन्ही एकत्र पिळून मधल्या फटींत ज्यूट किंवा कागदाचे भरण घालायचे, त्या जुडग्याभोवती कागदाचा एकच पट्टा चढवायचा, आणि सगळ्यावर शिशाचे आवरण. शिसे सलग दाबून चढवण्याचे यंत्र स्वित्झर्लंडमध्ये बोरेल याने १८७९मध्येच सिद्ध केले होते. हिशेबाच्या दृष्टीने ही केबल फार हुशारीची होती. ३३ किलोव्होल्टच्या व्यवस्थेत दोन कोअरमध्ये ३३ किलोव्होल्ट असतात, पण कोअर आणि शिसे यांच्यात १९च. दोन कोअरमध्ये आपोआप दोन कागद येतात. शिशाच्या बाजूला कोअरचा एक कागद आणि पट्ट्याचा पातळ थर पुरतो. तीन स्वतंत्र केबलींपेक्षा कागद कमी, शिसे कमी, खंदक एकच. ६.६ आणि ११ किलोव्होल्टपर्यंत ती उत्तम चालली, आणि भारतातल्या शहरांतही अशा शिसेबंद कागदी केबली कित्येक दशके टाकल्या गेल्या. हिशेबात काहीच चूक नव्हती. त्यात धरले होते फक्त दोन बिंदूंमधले व्होल्ट. मधल्या जागेत क्षेत्र कोणत्या दिशेने जाते हे धरलेले नव्हते.

दाब २२ आणि ३३ किलोव्होल्टवर गेला तेव्हा ही उणीव उघड झाली. तीन कोअरची क्षेत्रे एकमेकांत मिसळतात, आणि फेज बदलत जातात तसे ते एकत्र क्षेत्र फिरत राहते. त्यामुळे काही जागी ताण कागदाच्या आरपार न जाता थराथरांच्या पृष्ठावरून, म्हणजे स्पर्शरेषेच्या दिशेने पडतो. त्या दिशेने कागदाची ताकद आरपारच्या ताकदीच्या मानाने कितीतरी कमी असते. शिवाय मधल्या भरणावरही ताण येतो, आणि भरण तर केवळ जागा भरायला घातलेले. त्यात शिशाचा स्वभाव भर घालतो. केबल भाराने तापली की आतले तेलमिश्रण फुगते, शिसे ताणले जाते. थंड झाल्यावर मिश्रण आक्रसते पण शिसे परत येत नाही, आणि आत पोकळ्या राहतात. पोकळीतल्या हवेवर घन इन्सुलेशनपेक्षा जास्त ताण येतो आणि तिची सहनशक्ती मात्र फार कमी, म्हणून तिथे सूक्ष्म ठिणग्या चालू होतात. तेलाचे चिकट मेण बनते, कागदावर कोळशाच्या फांद्यांसारख्या काळ्या वाटा उमटतात, आणि एक दिवस केबल जाते. उघडून पाहणाऱ्यांना या वाटा आरपार जाण्याऐवजी थरांवरून लांबवर रांगत गेलेल्या दिसत. नुसत्या जास्त दाबाने कागद फुटला असता तर खूण वेगळी दिसली असती.

पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर मार्टिन होखश्टेटर या जर्मन अभियंत्याने यावर जो उपाय सुचवला तो आज इतका साधा वाटतो की त्याचे पेटंट होऊ शकते याचे आश्चर्य वाटावे. प्रत्येक कोअरच्या कागदावर धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचा एक पातळ थर गुंडाळायचा, तिन्ही कोअरचे हे थर एकमेकांना आणि बाहेरच्या शिशाला टेकतील असे ठेवायचे, आणि पट्टा काढून टाकायचा. धातूच्या थराला बारीक छिद्रे ठेवायची, म्हणजे तेलमिश्रण कागदात नीट मुरते. बस्स. प्रत्येक कोअर आता स्वतःपुरती फेरांतीची केबल झाली. क्षेत्र त्रिज्येच्याच दिशेने, आणि मधल्या भरणावर ताण शून्य. या केबलला त्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून एच-टाइप म्हणू लागले. जगभरच्या वीजकंपन्यांनी ती स्वीकारायला मात्र १९२०चे दशक उजाडले, कारण बेल्टेड केबलचे गणित कागदावर स्वस्त दिसत होते आणि बिघाडांचा खर्च वेगळ्या खात्यात पडत होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की बेल्टेड केबललाही शिशाचे आवरण होतेच, आणि तेही अर्थवरच होते. मग तिला शील्ड नव्हते असे कसे म्हणता? हा आक्षेप वरवर बळकट आहे आणि तिच्या काळच्या अभियंत्यांना नेमका यानेच दिलासा दिला असणार. पण तिघांभोवती मिळून एक सीमा आणि प्रत्येकाभोवती स्वतःची सीमा यांत फरक आहे. शिसे क्षेत्राला केबलबाहेर जाऊ देत नव्हते, एवढे खरे. आत तिन्ही कोअरच्या क्षेत्रांना मोकळे रान होते. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. केबलींना १०० किलोव्होल्टपलीकडे नेले ते शील्डने नव्हे, तेलाने, असे तेलाच्या बाजूचे लोक म्हणतील. मिलानच्या पिरेली कंपनीत लुइजी एमानुएलीने १९१७च्या सुमारास पातळ तेल दाबाखाली भरलेल्या केबलची कल्पना मांडली. पोकळी झालीच तर तेल लगेच ती भरून काढते. १९२७मध्ये न्यूयॉर्क आणि शिकागोत अशा १३२ किलोव्होल्टच्या केबली चालू झाल्या. हे सगळे खरे आहे. होखश्टेटरनेही पुढे दोन सहकाऱ्यांबरोबर बाहेरून वायूच्या दाबाने पोकळ्या मिटवणारी केबल काढली, म्हणजे आपला मुलाम्याचा कागद सर्व दुखण्यांवर पुरणार नाही हे त्यालाही माहीत होते. पण एमानुएलीच्या केबलीही प्रत्येक कोअर स्वतंत्रपणे वेढलेल्याच होत्या. बेल्टेड केबलमध्ये दाबाखाली तेल भरून पोकळ्या गेल्या असत्या, थरांवरून धावणारा ताण गेला नसता. पोकळीचा प्रश्न पदार्थाचा आहे आणि दिशेचा प्रश्न सीमेचा. दोन्ही सोडवावे लागले, आणि दुसरा न सोडवता पहिला सोडवून भागले नसते.

युरोप कागद-शिशात गुंतला होता तेव्हा अमेरिकेत, विशेषतः कारखान्यांत आणि खाणींत, रबराच्या केबली मध्यम दाबाला वापरात होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच बिनशील्डच्या. कारण व्यवहाराचे होते. रबरी केबल हलकी, वाकवायला सोपी, टोक सोलून सरळ लग दाबला की काम झाले. पण ती धातूच्या पाइपात किंवा ओलसर भिंतीवर टेकली की मधल्या चिंचोळ्या हवेत ठिणग्या सुरू होतात, त्यांतून ओझोन तयार होतो, आणि नैसर्गिक रबर ओझोनला टिकत नाही. ताणलेल्या जागी त्याला खोल भेगा पडतात. शिवाय अशा केबलच्या बाहेरच्या पृष्ठावर दाब चढलेला असतो. कोरड्या हवेत हात लावला तर चिमटा बसावा एवढाच, पण धूळ आणि ओल यांचा थर पृष्ठावर साचला की त्यावरून प्रवाह सरकू लागतो आणि आवरणावर जळक्या रेघा उमटतात. रबराच्या मिश्रणात सुधारणा झाल्या, ओझोनला तोंड देणारे प्रकार आले, तरी अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने कल हळूहळू एकाच दिशेला ठेवला. बिनशील्ड केबलला एकेकाळी ८,००० व्होल्टपर्यंत असलेली मुभा २००५च्या आवृत्तीत २,४०० व्होल्टपर्यंत खाली आणली गेली. त्यातही सूट मिळाली ती अटींवर.

पण या मर्यादांवरून व्होल्टेजच सर्वस्व असे समजायचे तर खोपोलीकडे पाहावे. १९१५च्या फेब्रुवारीत टाटांचे जलविद्युत केंद्र तिथे सुरू झाले आणि १,००,००० व्होल्टची वीज उघड्या तारांवरून, शील्ड सोडाच, इन्सुलेशनच्या एका थराशिवाय मुंबईत परळला पोहोचली. बेल्टेड केबलींच्या बिघाडांनी शहरांतले अभियंते ३३ किलोव्होल्टला हैराण व्हायचे होते, आणि त्याच्या तिप्पट दाब सह्याद्रीच्या पायथ्याहून भातखाचरांवरून, खाड्यांवरून निर्धास्त जात होता. कारण तिथे अर्थ दूर होता, आणि कुठे आहे ते नक्की ठाऊक होते: खाली जमीन, आणि खांबांपाशी चिनीमातीच्या इन्सुलेटरांच्या माळेपलीकडे पोलाद. क्षेत्राची सीमा अंतराने ठरवलेली होती. हीच वीज परळपासून गिरण्यांकडे जमिनीखालून न्यायची वेळ आली की अर्थ सगळीकडून चिकटतो, आणि तो इंचाइंचाला बदलतो. इथे चिखल, तिथे दगड, पुढे पाण्याचा पाइप. केबल गाडायची म्हटली की सीमा केबलच्या आत आणावीच लागते. मुंबई बेटावर वितरणाच्या तारा डोक्यावर दिसत नाहीत याचा अभिमान मुंबईकर बाळगतात, पण त्या आरामाची अट ही आहे.

तिसरा आक्षेप कारागिरांकडून येतो, आणि पुस्तकी आक्षेपांपेक्षा मी त्याला जास्त मान देतो. शील्डच्या केबली जातात त्या बहुतेक टोकाशी किंवा जोडाशी; शील्ड नसते तर हे टोकांचे झंझट आलेच नसते. निरीक्षण अचूक आहे. शील्ड जिथे कापून थांबवतो तिथे क्षेत्राच्या सगळ्या रेषा त्या कडेकडे धाव घेतात, आणि तिथला ताण केबलच्या मध्यभागापेक्षा कित्येक पटींनी वाढतो. तो पसरवण्यासाठी पूर्वी जॉइंटर हाताने टेप गुंडाळून शंकूसारखा फुगवटा तयार करीत आणि त्यावर शील्ड वर सरकवीत. आज हिटश्रिंकच्या किटमध्ये हेच काम ताणनियंत्रक नळी करते. इन्सुलेशनवरचा काळा अर्धवाहक थर काढताना सुरीचा एक घाव खोल गेला, किंवा त्याचा एक ठिपका राहिला, तर काही महिन्यांनी केबल तिथेच जाते. एकेरी कोअरच्या लांब केबलीत आणखी एक कटकट: शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केले तर त्यात प्रवाह फिरून उष्णता वाढते, एकाच टोकाला केले तर दुसऱ्या टोकावर दाब चढतो. म्हणजे शील्ड धोका नाहीसा करत नाही. किलोमीटरभर पसरलेला, कुठे उपटेल ते न कळणारा धोका दोन टोकांवर आणून ठेवते. पण मला तर हाच त्याचा मोठा गुण वाटतो. जमिनीखालचा प्रत्येक मीटर तपासता येत नाही. टोक तपासता येते, दुरुस्त करता येते, आणि ते कोणी केले हे सांगता येते. याची दुसरी बाजू अशी की शील्डची केबल घेणारा जॉइंटरच्या कौशल्यावरही तेवढाच खर्च करायला बांधला गेला, आणि हे बंधन आपल्याकडे फार थोड्या निविदांत दिसते. जुन्या शहरांत बेल्टेड कागदी केबलला नवी शील्डची केबल जोडायची वेळ येते तेव्हा तर या धंद्याचा सगळा इतिहास एका जोडात एकत्र येतो: एका बाजूला तीन कोअरना मिळून एक सीमा, दुसऱ्या बाजूला तीन सीमा, आणि मधल्या हातभर जागेत हा फरक मिटवायचा. हे काम करणाऱ्याला साध्या जोडाचाच दर देतात, हे मला अन्यायाचे वाटते.

१९६०च्या दशकात कागदाची जागा पॉलिथिनने, पुढे रासायनिक दुव्यांनी घट्ट केलेल्या क्रॉसलिंक्ड पॉलिथिनने घेतली, तेव्हा धंदा जवळजवळ तीच चूक पुन्हा करायला निघाला होता. या वेळी शील्ड विसरले नव्हते. ते नीट चिकटले पाहिजे हे विसरले होते. सुरुवातीच्या बऱ्याच केबलींत इन्सुलेशनवर कार्बन लावलेली कापडी पट्टी गुंडाळत. पट्टीच्या सुरकुत्यांत, कडांत, सुटलेल्या धाग्यांत हवा आणि ओल राहायची. अमेरिकेत घरांच्या वसाहतींसाठी जमिनीत पुरलेल्या अनेक केबलींत परतीच्या तांब्याच्या तारा बाहेरून उघड्याच असत. आवरण घालायचे पैसे वाचवले होते. जपानमधून १९६९मध्ये अशा केबलींच्या इन्सुलेशनमध्ये पाण्याने वाढणाऱ्या झाडासारख्या सूक्ष्म खुणा नोंदल्या गेल्या, आणि वॉटर ट्री हा शब्द रूढ झाला. दहापंधरा वर्षांत, चाळीस वर्षे टिकतील म्हणून टाकलेल्या केबली बदलायची वेळ अनेक कंपन्यांवर आली. उपाय पुन्हा सीमेचाच होता: वाहकावरचा अर्धवाहक थर, इन्सुलेशन आणि बाहेरचा अर्धवाहक थर एकाच वेळी एकाच डोक्यातून वितळवून चढवायचे, म्हणजे तिघांमध्ये फट राहत नाही. गुळगुळीत सीमा, स्वच्छ मिश्रण, वर पाणी अडवणारे आवरण. धातूचे शील्ड असूनही त्याच्याखाली हवेचा थर असेल तर ते क्षेत्रापुरते नसल्यासारखे असते, हे या पिढीला तेव्हा कळले.

तर मग शील्ड नसलेल्या केबलला जागा कुठे? माझ्या मते, जिथे अर्थ मुद्दाम दूर ठेवता येतो, किंवा जिथे क्षेत्र बाहेर गेले तरी त्याने काही बिघडत नाही, तिथे. विमानतळाच्या धावपट्टीवरचे दिवे मालिकेत जोडलेले असतात आणि त्यांच्या ५,००० व्होल्टच्या केबलना अमेरिकेची संहिताही शील्डशिवाय परवानगी देते, कारण त्या मंडळात स्थिर प्रवाह महत्त्वाचा असतो आणि दाब भाराप्रमाणे बदलतो. झाडांमधून जाणाऱ्या वरच्या तारांवर नुसते आवरण चढवून त्या अंतर राखणाऱ्या आधारांवर टांगण्याची पद्धत आहे. फांदी टेकली तरी वीज जात नाही, पण तार हाताने धरण्याजोगी नाही हे तिथल्या सगळ्यांनी धरलेले असते. आणि कारखान्यातल्या ३.३ किलोव्होल्टच्या मोटरसाठी भारतीय मानक १.९/३.३ किलोव्होल्टची केबल शील्डशिवाय घेऊ देते. ही मुभा योग्य आहे, पण ती वापरताना आकड्याआधी जागा पाहिली पाहिजे. ट्रे कोरडी आहे का, केबल धातूला जागोजागी टेकते की आधारांवर मोकळी आहे, व्यवस्थेचा न्यूट्रल अर्थ केलेला आहे की नाही. न्यूट्रल अर्थ नसेल तर एका फेजला दोष येताच उरलेल्या दोन फेजवर पूर्ण लाइन दाब येतो, आणि १.९ धरून घेतलेली केबल ३.३ सोसत राहते. यातली एकही गोष्ट दरपत्रकात नसते. आणखी एक फरक आहे, जो खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही: शील्डच्या केबलची तब्येत टाकल्यानंतरही मोजता येते, आंशिक विसर्जन आणि परावैद्युत ऱ्हास यांच्या चाचण्यांनी, कारण तिला दुसरा निश्चित विद्युतध्रुव असतो. शील्ड नसलेली केबल ट्रेमध्ये एकदा बसली की या चाचण्यांना तिच्याबाबतीत फारसा अर्थ उरत नाही. मेगरचे, म्हणजे इन्सुलेशनच्या रोधाचे, वाचन मिळते, आणि ते हवेच्या दमटपणाप्रमाणे बदलते. कोकणातल्या एखाद्या कारखान्यात जुलैला घेतलेले वाचन आणि मार्चमध्ये घेतलेले वाचन यांतून केबलबद्दल किती आणि हवामानाबद्दल किती कळले, हे सांगणे तिथल्या देखभाल अभियंत्यालाही जमत नाही. म्हणून तीस वर्षे चालवायच्या ३.३ किलोव्होल्टच्या पंपालाही, ट्रे दमट असेल तर, मी शील्डचीच केबल घेईन, आणि टोकांच्या कामावरही तेवढाच खर्च करायची अट निविदेत घालीन.